कुंकवाआधी ब्रश

कारखान्यात काही बिघडले की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘काय बिघडले?’ हा नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘कोणी बिघडवले?’ आणि त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. जी सगळ्यांत नवी आणि जिच्या मागे बोलायला कोणी नाही, तिने! घरात ती नवी सून असते. बंगळूरहून होसकोट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या पंपांच्या कारखान्यात ती चंपा होती.

चंपा बेळगावाकडची. शिवाजीनगरात मावशीच्या घरी राहायची आणि सकाळी कारखान्याच्या बसने कामाला यायची. तिचे काम कार्डांना भोके पाडायचे. हसू नका. साल सदुसष्ट होते, आणि कारखान्याने कार्डांवर चालणारे मोठे गणकयंत्र भाड्याने आणले होते. गोदामात कोणता माल किती आहे, हे मुली टंकयंत्रासारख्या यंत्रावर बसून कार्डात भोकांच्या रूपाने उमटवायच्या. ती कार्डे काचेच्या थंडगार खोलीतल्या गणकयंत्राला भरवायची. यंत्र ती भोके वाचायचे आणि खडखडत हिशेब छापून द्यायचे. त्या खोलीत चैत्र-वैशाखातही लोक स्वेटर घालून बसत. कारखान्यातले कामगार काचेला नाक लावून आत बघत आणि म्हणत, “माणसाला पंखा नाही, यंत्राला बघा कसं महाबळेश्वर!”

या खोलीचे प्रमुख हणमंतराव. घराणे बंगळूरच्या जुन्या मराठ्यांपैकी. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि यंत्रापुढे उभे राहिले की इंग्रजी. मुंबईला जाऊन ते या यंत्राचे रीतसर शिक्षण घेऊन आले होते आणि खरोखर हुशार होते. आवाजावरून ते ओळखायचे, कोणते चाक कुरकुरते आहे. पण खोलीची गंमत अशी होती, की यंत्र चुकले असे तिथे कधी होतच नसे. “यंत्र खोटं बोलत नाही. माणसं बोलतात,” असे हणमंतराव म्हणत, आणि मग एखादी मुलगी रडत घरी जाई.

त्या सोमवारी यंत्राने छापून दिले, की पंपाला लागणारे पितळी वॉशर गोदामात भरपूर आहेत. कामगार आणायला गेले तर फळीवर उंदराच्या लेंड्या! एक वॉशर नाही. जोडणीचे काम दिवसभर बंद पडले. मोठे साहेब स्वतः जिना उतरून खाली आले, आणि मोठे साहेब खाली आले की कोणी तरी आणखी खाली जाणार हे ठरलेलेच.

“वॉशरची कार्डं कोणाची?” हणमंतरावांनी विचारले.

“माझी, सार,” चंपा उभी राहिली. तिने कार्ड उचलून खिडकीच्या उजेडात धरले. “पण बघा की हो. भोक बरोबर आहे. शून्यावरच आहे.”

“मग आत्ता बदललंस.”

“सार! आत्ता कुठं बदलू? तुमच्या समोर तर बसलेय.”

“उलटं बोलू नकोस. यंत्राने वाचलं ते वाचलं. दसऱ्यानंतर येऊ नकोस तू.”

चंपाने कार्ड पुन्हा उजेडात धरले. गावाहून निघताना वडिलांनी सांगितले होते, ‘नोकरी टिकली तर राहा. नाही तर चिकोडीचं स्थळ तयार आहे.’ ते स्थळ म्हणजे दोन मुलांचा बिजवर. शिवाय चुका करते म्हणून काढलेल्या मुलीला बंगळुरात दुसऱ्या कार्डयंत्रावर कोण बसवणार? अशा खोल्या होत्याच किती!

हे सगळे राजलक्ष्मी ऐकत होती. ती या मुलींच्या कामावर देखरेख करणारी. वय चाळिशीला टेकलेले, नाकावर चष्मा, वेणीत अबोलीचा एक तुकडा. हणमंतरावांच्याच समाजातली, म्हणून ती त्यांना ‘अण्णा’ म्हणे. ती उठली. चंपाच्या हातातले कार्ड घेऊन तिने वॉशरच्या सगळ्या कार्डांसकट दोऱ्याने बांधले आणि हणमंतरावांपुढे ठेवले.

“अण्णा, हा गठ्ठा तुमच्या कपाटात ठेवा. किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. म्हणजे कोणी बदललं असं नको.”

“ठेवतो. पुढे?”

“पुढे यंत्र एकदा उघडून बघा.”

हणमंतरावांचा चेहरा असा झाला, जणू तिने भर बाजारात त्यांना पागोटे उतरवायला सांगितले.

“यंत्र बंद करू? उघडू? वर काय सांगू? आमचं यंत्र आजारी आहे म्हणून?”

“आजारी नाही हो. अंघोळ घालायचीय तेवढीच. तुम्हीच शिकवलंत आम्हाला पहिल्या महिन्यात. रोज संध्याकाळी भोकं वाचणाऱ्या तारा ब्रशने झाडायच्या. आज्ञांची कार्डं झिजली की नवी प्रत काढायची. नियम बदलला की जुनं कार्ड आधी बाहेर काढायचं. तेव्हा तुम्ही दटावून दटावून करून घ्यायचात.”

आज्ञांची कार्डे म्हणजे काय, ते सांगते. यंत्राला स्वतःची अक्कल नसते. आधी काय करायचे, मग काय करायचे, हे सांगणारा एक वेगळा गठ्ठा रोज सकाळी त्याला भरवावा लागतो. पहिल्या वर्षी तो गठ्ठा कसा कोरा करकरीत होता! मग गोदामाचे नियम बदलत गेले. हणमंतराव घाईघाईने एक नवे कार्ड मध्ये खुपसत आणि जुने तसेच राहू देत. एका चुलीपुढे जुनी सून आणि नवी सून, दोघीही हातात उलथने घेऊन! रोज हाताळून त्या गठ्ठ्याचे कोपरे कानासारखे वळले होते. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

“ते सुरुवातीचे दिवस होते,” हणमंतराव म्हणाले. “आता काम वाढलंय. झाडलोट करायला वेळ कुणाला आहे, अम्मा? खंडेनवमी आलीच आहे. पूजा थाटात करू. सगळं सरी होईल, ठीक होईल.”

पूजा! त्यांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते, की वर्षात एक दिवस ते यंत्राची जेवढी सेवा करतात तेवढी कोणी करत नाही. आणि ते खोटेही नव्हते. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या भाषेत आयुधपूजेला, केळीचे खांब बांधले जात. यंत्राला झेंडूचा हार, कपाळाला लावावे तसे गंध, वर हळदकुंकू, मुठीमुठीने अक्षता. आज्ञांचा गठ्ठा पाटावर ठेवून त्याच्यावरही कुंकवाची बोटे उठत. दारात कोहळा फोडून दृष्ट काढली जाई. दुसऱ्या दिवशी हार काढायचा आणि यंत्र सुरू करायचे. ब्रश मात्र कपाटातच.

राजलक्ष्मी संध्याकाळी घरी आली ती तोंड पाडूनच. स्वयंपाकघरात तिच्या सासूबाई रत्नाबाई उद्याच्या दोशांसाठी दगडी रगड्यावर तांदूळ-उडीद वाटत होत्या. रत्नाबाईंना सून ‘आत्याबाई’ म्हणे, आणि दोघींचे बरे जमत असे. तशी भांडणेही होत, पण ती चवीपुरती.

“तोंड का असं? बस चुकली की साहेब चुकला?”

“साहेब कधी चुकत नाहीत, आत्याबाई. मुली चुकतात.” आणि तिने सगळे सांगितले.

रत्नाबाईंचा हात थांबला नाही. वरचा दगड गरगर फिरत राहिला.

“मी या घरात आले ना, तेव्हा हाच दगड होता,” त्या म्हणाल्या. “पीठ नुसतं कण्या-कण्या व्हायचं. दोसा तव्याला चिकटायचा. माझी सासू म्हणायची, पोरगी कामचुकार, हाताला वळण नाही. नणंदा म्हणायच्या, आईनं काही शिकवलं नाही. मी रात्रंदिवस दगड ओढायची. तळहाताला फोड आले. तरी कण्या त्या कण्याच!”

“मग?”

“मग गल्लीतून टाकीवाली ओरडत गेली. मी कुणाला न विचारता तिला आत बोलावलं. तिनं दगडावर हात फिरवला आणि हसायलाच लागली. म्हणाली, ‘अक्का, हा दगड आहे की आरसा? यात तोंड बघा, पीठ कशाला वाटता!’ इतका गुळगुळीत झालेला! तिनं छिन्नीनं टाकी घातली. दुसऱ्या दिवशी पीठ कसं लोण्यासारखं.”

“आणि सासूबाई?”

“त्या म्हणाल्या, पोरीचा हात सुधारला!”

दोघी हसल्या. मग रत्नाबाई गंभीर झाल्या.

“माझ्या सासूनं त्या दगडाला दर सणाला हळदकुंकू लावलं होतं, राजी. एकदाही चुकली नाही. म्हणून काय दगड वाटायला लागला? कुंकू लावायला काय लागतं? दोन बोटं. टाकी घालायची तर दगड उलटा करावा लागतो, घाम येतो, आणि तो झिजलाय हे चारचौघांत कबूल करावं लागतं. तेच नको असतं कुणाला. त्यापेक्षा सुनेला बोलणं सोपं!”

“पण पूजेच्या दिवशी अडवायचं म्हणजे… सगळा कारखाना जमतो. मोठे साहेब येतात. म्हणतील, बाई देवाधर्माच्या आड आली.”

“तू घरचे देव पूजेआधी काय करतेस?”

“घासते. चिंच लावून.”

“मग झालं की,” रत्नाबाई म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी पीठ भांड्यात ओढू लागल्या.

खंडेनवमी उजाडली. काचेच्या खोलीच्या दाराला आंब्याची पाने, आत उदबत्त्यांचा धूर. यंत्राला धूर चालत नाही, अशी इंग्रजी पाटी होती, तिच्यावरच हार टांगला होता! कामगार दाराशी गोळा झाले. मोठे साहेब रेशमी उपरणे घेऊन आले. हणमंतरावांनी सोवळे नेसले होते. त्यांनी हळदकुंकवाचे तबक उचलले आणि यंत्राकडे वळले.

आणि राजलक्ष्मी पुढे येऊन यंत्रापुढे उभी राहिली.

“अण्णा, स्वल्प थांबा.”

“बाजूला हो, अम्मा. मुहूर्त टळेल.”

“टळू दे!”

मागे कोणी तरी कन्नडमध्ये पुटपुटले, हिला काय झालं? चंपा दाराशी उभी होती. तिचा तो शेवटचा दिवस. तिने पदर तोंडाला लावला.

“राजलक्ष्मी,” हणमंतराव दबक्या आवाजात म्हणाले, “साहेब बघताहेत. तुला पूजा नको आहे का?”

“मला पूजा हवी आहे! कुणापेक्षाही जास्त हवी आहे. पण अण्णा, खरं सांगा, तुमच्या घरी देव घासल्याशिवाय कधी कुंकू लावलंय? काल वहिनींनी चिंच लावून देव घासले असतील. समया लखलखीत केल्या असतील. आणि इथे? गेल्या नवमीचं कुंकू पोटात असताना त्याच्यावर यंदाचं ओतायचं? ही पूजा नाही. ही दोन बोटांची सुटका आहे!”

“तू मला शिकवतेस?”

“नाही. तुम्ही मला शिकवलंत तेच परत करतेय. यंत्र उघडा. तारा झाडा. मग तुमच्या कपाटातली चंपाची कार्डं त्याला वाचू द्या. किल्ली तुमच्याकडे आहे, गठ्ठ्याला कुणाचा हात लागलेला नाही. त्यातूनही यंत्रानं वॉशर भरपूर म्हटलं, तर चंपाबरोबर मीही जाते. आत्ता, याच पावली! पण न उघडता मी हलणार नाही. कुंकू लावायचंच असेल तर माझ्या कपाळाला लावा आणि मला ओलांडून जा!”

मोठ्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिले, मग हणमंतरावांकडे. “उघडायला काही हरकत आहे का, हणमंतराव?” त्यांनी साधेच विचारले. त्यांना उत्तर माहीत नव्हते. हणमंतरावांना माहीत होते. हरकत एवढीच होती, की आत काय असेल याची त्यांना भीती वाटत होती. यंत्र थांबले की हणमंतराव थांबले, अशी त्या माणसाने स्वतःची समजूत करून घेतली होती. बिचाऱ्याने कित्येक महिने त्या झाकणाकडे धड पाहिलेसुद्धा नव्हते.

त्यांनी तबक खाली ठेवले. सोवळ्यातच गुडघे टेकले आणि झाकण काढले.

काय निघाले असेल आतून? आधी कागदाचा भुगा. मग वाळलेली झेंडूची पाकळी. कार्डातली भोके चाचपणाऱ्या बारीक तारांच्या ओळीवर गंधाची खपली धरली होती आणि तिच्यात कुंकवाची पूड चिकटून बसली होती. शून्याचे भोक तारेला लागणार कसे? यंत्र आपले जुनाच आकडा छापत होते. हणमंतरावांनी चिमटा आत घातला आणि बाहेर काढून तळहातावर धरला. तांदळाचा एक दाणा. लालभडक. अक्षता!

तो दाणा कोणी टाकला होता, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होते. गेल्या नवमीला मुठीमुठीने अक्षता वाहणारा हात एकच होता.

हणमंतरावांनी तो दाणा तबकात ठेवला. मग म्हणाले, “ब्रश द्या.”

ब्रश कपाटात होता, पण कोणत्या, ते कोणालाच आठवेना. शेवटी सापडला. पुढचा तासभर तेच काम. हणमंतरावांनी एकेक तार पुसली. तो हात कसा चालत होता, ते पाहण्यासारखे होते! विसरले काहीच नव्हते. फक्त करायचे सोडले होते. राजलक्ष्मीने आज्ञांचा गठ्ठा पाटावरून उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नुसते पाहिले आणि जुन्या नियमांची कार्डे पत्त्यांसारखी एकामागून एक बाहेर काढली. वळलेल्या आणि कुंकू लागलेल्या कार्डांच्या नव्या प्रती पाडल्या. त्यांच्या सोवळ्याला तेलाचे डाग पडले. मोठे साहेब खुर्ची ओढून बसले होते. मुहूर्त केव्हाच टळला होता आणि कोणाच्या लक्षातही नव्हते.

मग हणमंतरावांनी स्वतः कपाट उघडले. दोऱ्याने बांधलेला गठ्ठा काढला, गाठ सोडली आणि कार्डे यंत्रात लावली. खडखडाट झाला. कागद बाहेर आला.

पितळी वॉशर: शून्य.

तीच कार्डे! तीच भोके! तीच मुलगी!

दाराशी कोणी तरी टाळी वाजवली, पण हणमंतरावांनी हात वर करून थांबवले.

“चंपा, इकडे ये.”

ती भीतभीत पुढे आली.

“कार्ड उजेडात धरून तू मला दाखवत होतीस. मी बघितलं नाही. चूक यंत्राची नव्हती, तुझी तर नव्हतीच. माझी होती.” मग मोठ्या साहेबांकडे वळून ते म्हणाले, “साहेब, रोज संध्याकाळी यंत्र थोडा वेळ बंद राहील. वरून कोणी विचारलं तर माझं नाव सांगा.”

“आणि आधी ज्या मुली गेल्या?” राजलक्ष्मीने विचारले. ती अजून जागची हलली नव्हती.

हणमंतरावांनी मान खाली घातली. “त्यांच्या घरी मी जातो. उद्या विजयादशमी आहे. सोनं द्यायला म्हणून जातो.”

ते गेले. एकीने दार उघडले नाही. एक परत कामावर आली. बाकीच्यांनी सोने घेतले आणि नोकरी घेतली नाही. त्यांनी काय करावे, हे आपण कोण सांगणार?

माझ्या बंधुभगिनींनो, ही एका कारखान्याची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. आपण हार घालण्यात फार उदार आहोत आणि फडके मारण्यात फार कंजूष. विहिरीची ओटी भरतो, गाळ काढत नाही. नवा नियम डोक्यावर घेतो, जुना डोक्यातून काढत नाही. वस्तू असो, यंत्र असो, संस्था असो, ती रोजच्या थोड्या थोड्या हाताने टिकते. एका दिवसाच्या थाटाने ती टिकत नाही. आणि जिथे ही रोजची निगा थांबते, तिथे दोष दगडाला कोणी देत नाही. तो नेहमी दगड ओढणाऱ्या हाताला मिळतो! म्हणून कोणाला चूक म्हणण्याआधी झाकण उघडून पाहा. आणि झाकण उघडू देत नसतील, तर समोर उभे राहा. मुहूर्त टळला तर टळू द्या. माणूस जायला नको.

पुढच्या खंडेनवमीला काचेच्या खोलीत उदबत्ती नव्हती, अक्षता नव्हत्या. चहाचे पेलेही बाहेरच्या बाकावर होते. आदल्या संध्याकाळी यंत्र झाडून-पुसून तयार होते आणि आज्ञांच्या गठ्ठ्याची नवी प्रत दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात जाऊन बसली होती. केळीचे खांब मात्र बाहेर दाराला होते, आणि कोहळा फाटकाशी फुटला. मोठे साहेब म्हणाले, “हणमंतराव, मग आज पूजा कशाची?”

हणमंतरावांनी दाराबाहेर पाट मांडला. खिशातून काही तरी काढले आणि पाटावर ठेवले. वर्षभर रोज वापरून केस झडलेला, दांड्याचा रंग उडालेला ब्रश!

“चंपा,” ते म्हणाले, “कुंकू तू लाव.”

चंपाने दोन बोटे तबकात बुडवली. मग थांबली आणि राजलक्ष्मीकडे बघून हसली.

“दांड्याला लावते हं, अक्का. केसांना नको. उद्या परत झाडायचंय.”